खासगी एक्स-रे : फोटो निघतो, पुढचे काय?

म्हैसूरच्या जुन्या वस्तीतल्या मंडी मोहल्ल्यात छातीचा किंवा पायाचा फोटो काढायचा झाला तर पर्याय तीन प्रकारचे. मोहल्ल्यातच, सॉडे रोडवर, सीएसआय होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटल आहे. वेस्लियन मिशनने १९०६ साली सुरू केलेले हे रुग्णालय गावात आजही ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणूनच ओळखले जाते. बडोद्याच्या सयाजीरावांचे नाव लागलेल्या रस्त्याच्या बाजूला सरकारी कृष्णराजेंद्र रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचे ‘के. आर. हॉस्पिटल’, मेडिकल कॉलेजला जोडलेले. आणि मधल्या रस्त्यांवर निदान केंद्रे आहेत, तिथे काही शे रुपयांत, बहुतेक वेळा त्याच दिवशी, फिल्म आणि रिपोर्ट हातात पडतो. सरकारी ठिकाणी खर्च कमी आणि रांग मोठी, मिशनमध्ये दोन्ही मध्यम, केंद्रात रांग कमी आणि खर्च रोख. रोजंदारीवरचा माणूसही पुष्कळदा तिसराच पर्याय निवडतो, कारण बुडालेल्या दिवसाची मजुरी तो त्याच हिशेबात धरतो.

पंतप्रधान जन आरोग्य योजनेची भिस्त रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. दाखल होण्याआधीच्या तीन आणि घरी गेल्यानंतरच्या पंधरा दिवसांच्या तपासण्या तीत धरल्या जातात. नुसता खोकला घेऊन बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसाचा एक्स-रे त्यात बसत नाही. म्हणजे ‘खासगी एक्स-रे’ हा पैसेवाल्यांचा विषय नाही, आणि त्या काही शे रुपयांत नेमके काय मिळते हा प्रश्न मोहल्ल्यातल्या कोणालाही लागू पडतो. त्यावरच्या चर्चेचा हा आढावा.

क्षयरोगापासून सुरुवात

राँटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये एक्स-किरण शोधले ती गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. आपल्याकडे एक्स-रे घरोघरी पोचला तो मात्र क्षयामुळे. म्हैसूरला या रोगाची आठवण राजघराण्यापर्यंत जाते. नाल्वडी कृष्णराज वाडियारांच्या भगिनी कृष्णाजम्मण्णी क्षयाने गेल्या आणि त्यांच्याच नावाने शहरात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले.

पुढचा मोठा वादही कर्नाटकातच रंगला. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर छातीचे छोटे एक्स-रे काढून क्षयाची पाहणी केली. गावोगाव एक्स-रेची गाडी न्यावी, हाच उपाय तेव्हा अनेकांना दिसत होता. १९५९ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिथल्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात लोकांनाच विचारून पाहिले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसले की, क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी बहुतेकांना आपल्याला काहीतरी झाले आहे याची जाणीव असते आणि निम्मे तर दवाखान्यात आधीच जाऊन आलेले असतात. तिथून ते खोकल्याचे औषध घेऊन परततात. मग गाडी कशाला फिरवायची? दवाखान्यातच थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासा, स्वस्तही पडेल आणि नेमकेही. सरकारी कार्यक्रम थुंकीकडे वळला तो असा.

खासगी डॉक्टर मात्र वळले नाहीत. मुकुंद उपळेकर आणि डी. एस. शेपर्ड यांनी १९९१ मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीतल्या शंभर खासगी डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या शंभर डॉक्टरांनी क्षयासाठी मिळून ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. त्याच प्रवाहातल्या पुढच्या अभ्यासांनी दाखवले की या डॉक्टरांचा भर एक्स-रेवर होता, थुंकी तपासणी क्वचितच सांगितली जाई. फुप्फुसावरचा डाग क्षयाचा, जुन्या न्यूमोनियाचा की कर्करोगाचा, हे नुसता फोटो सांगत नाही. त्यामुळे सार्वजनिक आरोग्यवाल्यांच्या लेखी ‘एक्स-रे पाहून क्षयाचे औषध’ ही खासगी वैद्यकाची खूणच ठरली.

गेल्या काही वर्षांत काटा परत फिरला आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के लोक एक्स-रे काढला नसता तर निसटले असते, कारण त्यांनी कोणतेही लक्षण सांगितलेच नव्हते. ७ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरण्याजोगी यंत्रे घेऊन कर्मचारी वस्त्यांत गेले. खासगी डॉक्टर बरोबर होते, असा याचा अर्थ काही जण काढतात. तो अर्धाच खरा आहे. आजच्या पद्धतीत एक्स-रे गाळणीचे काम करतो आणि निदानाचा शिक्का थुंकीच्या रेणवीय चाचणीवर बसतो. मोहल्ल्यातल्या रुग्णाने एवढे धरून चालावे की छातीच्या फोटोत क्षयाची शंका दिसली तर पुढची पायरी गोळ्या नाही, थुंकीची तपासणी आहे. ती सरकारी केंद्रात मोफत होते. क्षयरोगी आढळला तर खासगी डॉक्टरलाही २०१२ पासून सरकारला कळवणे बंधनकारक आहे.

खोलीत काय घडते

काउंटरवर चिठ्ठी, नाव, वय, पैसे, पावती. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे पावतीवर करापोटी वेगळी रक्कम दिसली तर विचारावे. चिठ्ठीवर ‘चेस्ट पीए’ एवढेच लिहिलेले असते आणि चुकीची सुरुवात इथेच होते. फोटो वाचणाऱ्याला दोन महिन्यांचा खोकला आहे की नोकरीसाठीची तपासणी आहे हे कळले तर त्याची नजर वेगळी फिरते. चिठ्ठीवर एक ओळ कारण लिहून मागणे हा रुग्णाच्या हातातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आत गेल्यावर साखळी, मंगळसूत्र, ताईत, सेफ्टीपिन, हुकाचे कपडे काढून गाऊन घालायचा. पाठीवरची जाड वेणी वर बांधायची, कारण ती खांद्यावर राहिली तर फुप्फुसाच्या टोकाशी सावली उमटते आणि क्षयाच्या डागाची शंका येते ती जागाही नेमकी तीच. मग छाती पाटीला टेकवून उभे राहायचे, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे ढकललेले, म्हणजे फऱ्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. यंत्र पाठीमागे साधारण सहा फुटांवर. ‘श्वास घ्या, धरा.’ सेकंदाच्या लहानशा अंशात काम होते. श्वास अर्धवट घेतला गेला तर हृदय मोठे आणि फुप्फुसांचा तळ धुरकट दिसतो, आणि धडधाकट माणूस रोगी ठरू शकतो. म्हणून ‘परत एकदा’ म्हणणारा टेक्निशियन वेळ घालवतोय असे समजू नये. सूचना रुग्णाला कळणाऱ्या भाषेत मिळणे म्हणूनच महत्त्वाचे. मंडी मोहल्ल्यात कन्नड आणि दखनी दोन्ही लागतात. बुरखा किंवा पदर काढायचा असेल तेव्हा स्त्री कर्मचारी मागणे यात आडमुठेपणा नाही. ती नसेल तर घरची बाई कपडे बदलेपर्यंत सोबत राहू शकते, किरण सोडताना मात्र तिने बाहेर थांबायचे.

केंद्राच्या दारावरच्या फलकावर ‘डिजिटल एक्स-रे’ लिहिलेले असते त्याचे दोन अर्थ निघतात. एकात जुन्याच पद्धतीची कॅसेट असते, तिच्यातली प्लेट नंतर वाचकयंत्रात घालतात. दुसऱ्यात चित्र थेट पडद्यावर येते. दोन्ही चांगली, पण दर सारखा असायचे कारण नाही. डिजिटल म्हणजे किरण कमी, हेही दरवेळी खरे नसते. जुनी फिल्म जास्त किरणांनी काळी पडायची आणि चूक लगेच उघडी व्हायची. डिजिटल चित्र जास्त किरणांत उलट अधिक स्वच्छ दिसते, म्हणून मात्रा नकळत वाढवण्याकडे कल होतो.

किरणांची भीती

लोकांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती किरणांची, आणि या प्रश्नातली सर्वांत मिटलेली बाजूही हीच आहे. छातीच्या एका फोटोतून साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. जमीन, अन्न, हवा आणि अवकाश यांतून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे एक फोटो हा तीन दिवसांच्या जगण्याइतका. कंबरेच्या मणक्याचा फोटो १.५ च्या आसपास, तो काही महिन्यांचा हिशेब होतो. छातीचा सीटी स्कॅन सातेक, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे. ‘एक्स-रे नको’ म्हणणारे घर सीटीला बिनबोभाट तयार होते, याचे मला नेहमी नवल वाटते.

गर्भवतीने सांगितलेच पाहिजे आणि टेक्निशियनने विचारलेच पाहिजे. पण छातीच्या फोटोत गर्भापर्यंत पोचणारी मात्रा ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी असते, आणि गर्भाला इजा होण्याची चर्चा १०० मिलिग्रेच्या पुढे सुरू होते. चुकून फोटो निघाला म्हणून गर्भपाताचा सल्ला देण्याला आधार नाही.

शिशाच्या एप्रनवर मात्र खरा मतभेद आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये रुग्णाच्या जननेंद्रियांवर शिसे झाकण्याची सवय सोडावी असे सांगितले. कारणे दोन : संरक्षण नगण्य, आणि एप्रन सरकून चित्रात आला तर फोटो परत काढावा लागतो. दुसरी बाजू म्हणते की एप्रनने रुग्ण निर्धास्त होतो आणि निष्काळजी केंद्रात तेवढाच आधार. आपल्याकडची सवय अजून एप्रनच्या बाजूने आहे.

यंत्रावर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची. १९८३ साली ते स्थापन झाले. कागदावर व्यवस्था पक्की आहे : परवाना, नऊ इंची विटेची भिंत किंवा तितकाच आडोसा देणारे शिसे, दारावर लाल दिवा आणि सूचना, कर्मचाऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला, यंत्राची ठरावीक मुदतीने गुणवत्ता चाचणी. प्रत्यक्षात काय, हे २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवले. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३, म्हणजे ९१ टक्के, नोंदणीविना चालू होती. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक राज्यात किरणसुरक्षा संचालनालय काढायला सांगितले होते. अहवालाच्या वेळी ते फक्त केरळ आणि मिझोरममध्ये होते. त्यानंतर ‘ई-लोरा’ ही संगणकी परवाना पद्धत आली आणि नोंदणी खूप वाढली. नोंदणी म्हणजे तपासणी नव्हे, हा आक्षेप उरतोच. रुग्णाला करता येण्याजोगी गोष्ट साधी : भिंतीवर परवान्याचा कागद आहे का, त्याची मुदत उरली आहे का, आणि फोटो काढताना दार लागते का, हे पाहणे.

फोटो वाचतो कोण

माझ्या मते खरा पेच इथे आहे, आणि रुग्ण नेमके याबद्दल काही विचारत नाही. पैसे भरताना माणसाला वाटते आपण एक वस्तू घेतोय. मिळतात दोन : फिल्म, आणि तिच्यावर तज्ज्ञाने नजर घालून लिहिलेले मत. पहिली मिळते यात शंका नसते. दुसरी मिळाली की नाही, हे पाकीट उघडल्याशिवाय कळत नाही. काही ठिकाणी रिपोर्ट नसतोच, ‘तुमचे डॉक्टर बघतील’ असे सांगतात. काही ठिकाणी आधीच टंकलेला मजकूर असतो, सही असते पण खाली पदवी आणि नोंदणी क्रमांक नसतो.

डॉक्टरांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. हाड मोडले आहे का, हे अस्थिरोगतज्ज्ञ स्वतः पाहतो आणि रुग्णाचा पाय त्याच्या समोर असतो. त्याला रिपोर्टची वाट पाहायची नसते. छातीच्या फोटोबाबत कौटुंबिक डॉक्टरही अनुभवाने बरेच ओळखतात. देशात लाखाला एक रेडिओलॉजिस्ट, असा आकडा सर्रास सांगितला जातो. प्रत्येक एक्स-रेवर त्याची सही हवी म्हटले तर छोटी केंद्रे बंद पडतील, असे चालकांचे म्हणणे. रेडिओलॉजिस्टांचे उत्तर असे की ज्या गोष्टीसाठी फोटो काढला ती डॉक्टरला दिसते, पण कोपऱ्यातली अनपेक्षित गाठ दिसायला सगळा फोटो क्रमाने पाहण्याची सवय लागते.

तज्ज्ञही चुकतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेन्री गारलंड यांनी १९४९ मध्ये दाखवले की छातीत दोष दाखवणाऱ्या फोटोंपैकी साधारण ३० टक्के अनुभवी वाचकांच्या नजरेतूनही सुटतात. तेव्हापासून यंत्रे पार बदलली, तरी वाचनातल्या चुकांची चर्चा आजही गारलंडपासूनच सुरू होते. उलटी चूकही असते. आपल्याकडच्या छातीच्या रिपोर्टांत ‘ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज ठळक’ हे वाक्य वारंवार येते आणि घरात काळजी शिरते. बहुतेक वेळा त्याला एकट्याने काही अर्थ नसतो. चाळिशीनंतरच्या कंबरेच्या फोटोत ‘स्पाँडिलोसिस’, म्हणजे मणक्यांची झीज, दिसणारच, त्यात वय दिसते. दुखण्याचे कारण तेच असेल असे नाही. रिपोर्टच्या तळाशी ‘लक्षणांशी ताडून पाहावे’ लिहितात ते हात झटकण्यासाठी, असे लोक म्हणतात. थोडे तसेही असते. पण ताडून पाहणारा डॉक्टर नसेल तर रिपोर्ट खरोखरच अपुरा आहे.

दूरवाचन हा यावरचा एक मार्ग. बंगळूरला २००२ मध्ये टेलिरेडिओलॉजी सोल्युशन्स सुरू झाली तेव्हा ती परदेशातल्या रात्रपाळीचे फोटो इथून वाचत होती. आज तीच पद्धत गल्लीतल्या केंद्रापर्यंत आली आहे. पुण्याच्या कृष्णा डायग्नोस्टिक्ससारख्या कंपन्या कर्नाटकातल्या सरकारी जिल्हा रुग्णालयांत सीटी आणि एमआरआय चालवू लागल्या, तेव्हापासून सरकारी आणि खासगी ही फारकतही पूर्वीसारखी सरळ राहिलेली नाही. दुसरा मार्ग संगणकाचा. संगणकाकडून एक्स-रे वाचून घेणारी मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनी २०१६ ची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील लोकांच्या क्षय चाळणीसाठी अशा प्रणालींना मान्यता दिली. ती मान्यता क्षयापुरती आहे. हाड, हृदय, कर्करोग या सगळ्याचा निवाडा यंत्राने केलेला कागद रुग्णाच्या हातात द्यावा का, आणि चुकला तर जबाबदार कोण, हे अजून कोणी नीट ठरवलेले नाही.

चिठ्ठी आणि कट

मुळात फोटो हवा होता का? घोटा मुरगळला असेल तर ओटावा नियम आहेत, १९९२ चे : चार पावले टाकता येतात का, हाडाच्या ठरावीक जागी दाबल्यावर दुखते का. दोन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तर फोटो न काढताही चालते. साध्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे, धोक्याची लक्षणे नसतील तर, फोटोने उपचार बदलत नाहीत. यावर शास्त्रात फारसा वाद नाही. पण ‘फोटोसुद्धा काढला नाही’ ही तक्रार रुग्णाचीच असते, आणि डॉक्टरला कोर्टाची भीती असते. अनावश्यक तपासण्यांचा सगळा दोष एका बाजूला टाकता येत नाही.

कट, म्हणजे रुग्ण पाठवल्याची दलाली, ही त्यापुढची गोष्ट. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेणे स्पष्ट मना आहे. २०१७ च्या अखेरीस आयकर खात्याने बंगळूरच्या काही निदान केंद्रांवर छापे घातले तेव्हा एमआरआयसाठी ३५ टक्के आणि सीटीसाठी २० टक्क्यांपर्यंत वाटा डॉक्टरांना जात असल्याचे खात्याने सांगितले. महाराष्ट्रात त्याच वर्षी माजी पोलिस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने कटविरोधी कायद्याचा मसुदा केला. त्याचा कायदा झाला नाही. डॉक्टरांतला एक गट म्हणतो की सगळ्यांना एका मापाने तोलू नका, आचारसंहिता पुरेशी आहे. दुसऱ्या गटात डॉ. अरुण गद्रे यांच्यासारखे डॉक्टरच आहेत, त्यांनी सहकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन ही पद्धत आतून मांडली. साध्या एक्स-रेत रक्कम लहान, म्हणून वाटाही लहान. पण फोटोवरून पुढच्या स्कॅनची चिठ्ठी निघते तेव्हा तो प्रश्न मोठा होतो. तपासणी कुठे करायची ते रुग्ण ठरवेल, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या सनदेत आहे.

दर, नोंदी आणि तक्रार

कर्नाटकाचा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा २००७ चा. २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती करायला सरकार निघाले तेव्हा राज्यभर डॉक्टरांनी संप केला. शेवटी सौम्य होऊन आलेल्या दुरुस्तीत दरफलक, रुग्णसनद आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची तक्रार यंत्रणा राहिली. निदान केंद्रेही या कायद्याखाली येतात. महाराष्ट्रात १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याला २०२१ मध्ये नवे नियम आले, पण तो कायदा खाटांच्या हिशेबाने रचलेला, खाट नसलेल्या केंद्रावर त्याची पकड ढिली. सीमेपलीकडच्या म्हैसूरकराला या बाबतीत आपल्यापेक्षा एक दार जास्त आहे, हे मान्य करावे लागते.

ग्राहक न्यायालय दोन्हीकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली. काहींकडून पैसे घेणारे आणि काहींना मोफत पाहणारे धर्मादाय रुग्णालयही त्यात येते, आणि तिथला मोफत रुग्णही दाद मागू शकतो.

नोंदींचे मात्र भिजत घोंगडे आहे. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत, असे २००२ चे नियम सांगतात. पण तीन वर्षे नोंदी जपण्याचे बंधन त्यांत दाखल रुग्णांपुरते लिहिले आहे. बाहेरून येऊन फोटो काढून गेलेल्याचे चित्र केंद्राने किती काळ ठेवायचे? २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. त्यामुळे मोबाइलवर आलेला फोटोच पुष्कळांची एकमेव नोंद असते. त्यात बारकावे उडतात. मूळ फाइल मागून घेणे शहाणपणाचे, कारण पुढच्या वेळी जुना डाग तोच आहे की वाढला, हे तुलनेनेच कळते.

सर्वांत अवघड प्रकरण आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांचे. तिकडच्या व्हिसासाठी छातीचा एक्स-रे मान्यताप्राप्त यादीतल्या केंद्रातच काढावा लागतो आणि पैसे उमेदवार भरतो. निकाल मात्र आधी दुसऱ्यासाठी असतो. पंधरा वर्षांपूर्वी बरा झालेल्या क्षयाचा वणही ‘अपात्र’ ठरायला पुरतो. जंतू नसल्याचा थुंकीचा अहवाल हातात असला तरी यजमान देशाचा नियम वणाकडे पाहतो. इथे ग्राहक उमेदवार आहे की तिकडचा मालक, अपात्रतेचे कारण लेखी मिळायला हवे का, आणि दुसऱ्या रेडिओलॉजिस्टचे मत कोणी ऐकून घ्यावे, यांवर कर्नाटकाचा कायदा, वैद्यकीय आचारसंहिता किंवा ग्राहक न्यायालय यांपैकी कोणाकडूनही आज सरळ उत्तर निघत नाही.